कोनाड्याची भिंत

चैत्र शुद्ध १०, शके १७८६. वलगाव

आज दुपारी पोचलो. अमरावतीहून वाट जेमतेम तीन कोसांची, पण कापसाच्या गाड्या एकीमागे एक अशा लागल्या होत्या की आमच्या छकड्याला कडेने रांगत यावे लागले. अमेरिकेतल्या लढाईने इथल्या कापसाला असा भाव आणला आहे की गाडीवानसुद्धा रेशमी रुमाल बांधून बसतात. अंगभर धूळ आणि घशाला कोरड, तरी मन प्रसन्न आहे.

घर पाहिले. माझे मालक बापूसाहेब हे अमरावतीचे कापसाचे अडते. त्यांनी ते एका देशमुखाकडून घेतले. सध्या ज्याच्या हाती पैसा येतो तो आधी जुने घर पाडतो आणि साहेबांसारखा बंगला बांधतो. बापूसाहेबांना मी पहिल्याच भेटीत सांगितले होते की हे सागवान पुन्हा मिळायचे नाही, पाडू नका, दुरुस्त करू. त्यांनी ऐकले. पावसाआधी काम पुरे केले तर मागच्या दोन खोल्या ओव्हरसियरला, म्हणजे मला, राहायला मिळणार.

चार वर्षे मी सडकांच्या कामावर तंबूत राहतो आहे आणि बायको कौशल्या वाईला माहेरी आहे. निघालो तेव्हा आमची मुलगी ठकू दोन वर्षांची होती. माझे एकच बोट मुठीत धरून चालायची आणि सोडायची नाही. निघताना तिची मूठ उकलावी लागली होती. आता ती सहा वर्षांची झाली. आजच पत्र टाकले की ज्येष्ठ लागताना या.

चैत्र शुद्ध १३

तीन दिवस मोजमापात गेले. खांब आणि तुळया ठणठणीत आहेत. वाळवी फक्त मागच्या दाराच्या चौकटीला लागली आहे. छत इथल्या रीतीचे, धाब्याचे: तुळयांवर कड्या, त्यावर तुरीच्या काड्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. ही माती पाणी धरत नाही. जुन्या गावठाणातूनच ती मिळते, कारण पडलेल्या घरांचीच ती माती असते.

मागची मोठी खोली कौशल्यासाठी ठरवली. लांबी चौदा फूट, रुंदी अकरा फूट. खिडकीतून कडुनिंब दिसतो.

माणसे तीन मिळाली. पुंजाराम बेलदार, भगवंत सुतार आणि लिंपायला जयवंता. जयवंता साठीची आहे, पण तिचे तोंड तिच्या हाताहून जलद चालते. पाटील खुशालराव संध्याकाळी चक्कर मारून गेले. मी भिंतीला कान लावून बोट आपटत होतो, पोकळी कळावी म्हणून. ते ओसरीवरूनच ओरडले, "काहो वामनराव, बायको आणून रायले, का भित्तीसंगच संसार मांडून रायले?" माणसे खूप हसली. मीही हसलो.

चैत्र वद्य ४

मजूर मिळेनात. आगगाडीचा भराव अकोल्याकडून पुढे सरकतो आहे आणि तिथे दुप्पट रोज देतात. पांढरी माती दोन कोसांवरून आणायची तर गाड्या सगळ्या कापसाला लागलेल्या.

गल्लीच्या टोकाला एक पडके घर आहे. छत गेलेले, तीन बाजू ढासळलेल्या, एक भिंत उभी. सवयीने मोजले: आतली जागा साडेनऊ फूट बाय सात फूट. भिंतीची जाडी मात्र अजब, दोन हातांहून अधिक. लिंपणाचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे एकावर एक चढलेले. उभ्या भिंतीत एक कोनाडा आहे, काजळीने काळा. माती उत्तम, मुरलेली, भुसा मिसळलेली. आमचे सारे काम तिच्यात भागेल.

पुंजारामला सांगितले तर तो डोके खाजवू लागला. म्हणाला, "साहेब, पडलेली माती न्या. पन थे कोनाड्याची भित नोका पाडू." इथली रीत अशी की पडक्या घराची माती कोणीही न्यावी, दिव्याच्या कोनाड्याची भिंत मात्र राखावी. घरातली गेलेली माणसे घर शोधत येतात ती त्या कोनाड्याच्या खुणेने.

घर कोणाचे ते जयवंताने सांगितले. मैनाबाई नावाच्या बाईचे. पटकीच्या साथीत एकाच दिवशी तिचा नवरा गेला आणि सहा वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर अकरा वर्षे ती एकटी राहिली. रोज भर दुपारी भिंत लिंपायची. घर नीट दिसले तर दोघे परत येतील असे म्हणायची. एका दुपारी तशीच मेली, हात ओल्या मातीत. चार वर्षे झाली. दर आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातले कोणीतरी त्या कोनाड्यात दिवा लावते, घागर भरते आणि थोडा वेळ बसून येते. जयवंता म्हणाली, "जितेपनी कोनी गेलं नाई तिच्याजोळ. आता तं जावा."

ऐकून घेतले. पण ढासळलेली माती धाब्यालाच पुरेल. खोलीचे लिंपण राहील.

चैत्र वद्य ९

भिंत पाडली. पुंजाराम कुदळ हातात धरीना, म्हणून मीच पाडली. रीतीपायी माझी बायको पावसाळाभर वाईला राहावी असे मला वाटत नाही.

पाडताना एक गोष्ट दिसली. अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जुन्या थरात एका लहान मुलाचा पंजा उमटलेला होता. भिंत ओली असताना मुले हात दाबून पाहतात तसा. पाची बोटे स्पष्ट. दोन घाव चुकीच्या जागी घातले. मग नीट घातला.

संध्याकाळपर्यंत माती आमच्या अंगणात आली. पुंजाराम उद्यापासून भरावावर जातो म्हणून सांगून गेला.

वैशाख शुद्ध १

धाबे झाले. मागची खोली जयवंताने दोन दिवसांत लिंपली. हाताने लिंपलेल्या भिंतीवर बोटांच्या कमानी उमटतात, एकीत एक. जयवंता म्हणते की बाईचा हात कमानीवरून ओळखू येतो, जसे आम्ही अक्षर ओळखतो. तिच्या कमानी रुंद आणि उजवीकडे झुकलेल्या.

खिडकीशेजारी कौशल्यासाठी सागाची खुंटी ठोकली, वीतभर बाहेर. तुळईला कडी बसवली, ठकूच्या झोपाळ्यासाठी. कौशल्याचे पत्र आले. तिचा भाऊ गोपाळकृष्ण सोबत येणार. ठकू विचारते की बाबांना दाढी आहे का. पत्र तीनदा वाचले.

वैशाख शुद्ध ३. आखजी

आज घरोघर पितरांच्या घागरी भरल्या. जयवंता सकाळीच कोरी घागर घेऊन आली. तिकडे भिंत राहिली नाही, माती इथे आली, तर मैनाबाईची घागर या खोलीत ठेवू द्या म्हणाली. दिवा लावते आणि घटकाभर बसते, एवढेच.

मी नको म्हटले. लिंपण अजून ओले, घागर पाझरली तर भिंतीचा पाया भिजेल. तिने वाद घातला नाही. घागर तशीच डोक्यावर घेऊन गेली. हे तिच्या स्वभावाचे नव्हते.

वैशाख शुद्ध ९

भगवंताने फळी आणली. अकरा फुटांची सांगितली होती, खोलीत बसेना. दीड इंच जास्त. मी त्याला फैलावर घेतले. त्याने माझीच मोजपट्टी मागून फळी मोजून दाखवली. बरोबर अकरा. मग पट्टी माझ्या हातात परत देत म्हणाला, "फळी हाय तेवढीच हाय, साहेब. खोलीले इचारा."

खोली मोजली. दहा फूट साडेदहा इंच. पहिल्या वेळी चुकलो असेन. मी सहसा चुकत नाही.

वैशाख शुद्ध १४

भर दुपार. बाहेर पान हलत नाही, माणसे कडुनिंबाखाली झोपलेली. ओसरीवर बसून मी नकाशा काढत होतो. मागच्या खोलीतून थाप ऐकू आली. ओली माती भिंतीवर बसते तशी. थोडे थांबून पुन्हा. जयवंता इतकी कामसू कधीपासून झाली असे मनात आले.

नंतर पाहिले. पूर्वेची भिंत ओली होती. या उन्हात, जिथे घागरीत पाणी टिकत नाही. कमानी ताज्या. जयवंताला बोलावले. ती उंबऱ्यातच थांबली. कमानी डावीकडे झुकलेल्या होत्या, अरुंद आणि खोल. ती म्हणाली की हा तिचा हात नव्हे. मी दरडावून विचारले तेव्हा म्हणाली, "मैनाबाई डावरी होती."

अंगणातला उरलेल्या मातीचा ढीग अर्धा झाला आहे. कोणीही नेलेला नाही.

वैशाख वद्य ३

आता रोज मोजतो. आज तेरा फूट दोन बाय दहा फूट एक. बाहेरून घर जसेच्या तसे आहे. भिंती आतून जाड होत आहेत.

काल सकाळी खुंटीला कोट अडकवला होता आणि विसरलो. आज काढायला गेलो तर निघेना. खुंटी बोटभर उरली आहे आणि कोटाची एक बाही भिंतीत गेली आहे. ओढली तेव्हा शिवणीतून फाटली. दुसरा तुकडा आत राहिला.

जयवंता या घरात पाऊल ठेवत नाही. फाटकाशी उभी राहून भाकरी देते. भगवंत हत्यारे घ्यायलाही आला नाही. संध्याकाळी बोलायला कोणी नाही. सडकेच्या तंबूतही असेच होते, पण तिथे मी कोणाची वाट पाहत नव्हतो.

वैशाख वद्य ६

तीन दिवसांमागे पाटलांकडे गेलो होतो. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. माती जिथली तिथे नेऊन टाका, भिंत उभी करा, कोनाडा ठेवा, दिवा लावा, असे म्हणाले. माणसे मागितली. गावात म्हातारे आणि बायकाच उरल्या आहेत, आणि बायका त्या मातीला हात लावणार नाहीत.

तीन दिवस एकट्याने खरवडतो आहे. सकाळी टोपल्या भरतो, गल्लीच्या टोकाला नेऊन ओततो. दुपारी थापा सुरू होतात. संध्याकाळी भिंत पूर्वीहून जाड. टाकलेली माती तिथे नसते. नखांत, केसांत, भाकरीत तीच माती.

बारा फूट बाय नऊ.

वैशाख वद्य ९. अमरावती

घर सोडले. बापूसाहेबांकडे आलो. ऊन लागले आहे असे ते म्हणाले, कांद्याचा रस दिला. त्यांची माडी चुन्याने पांढरीशुभ्र आहे. दिवाणखान्यात माणसे भावाबद्दल मोठमोठ्याने बोलत होती. किती बरे वाटले. इथेच थांबायचे, कौशल्या इथे आली की तिला घेऊन सरळ परत फिरायचे. वलगावकडे पाहायचे नाही. असे ठरवले आणि जेवून दुपारचा आडवा झालो.

जागा झालो ते थापेने.

उशाशेजारची भिंत. चुन्यावर काळी-पांढरी ओली माती, हातभर जागेत. कमानी डावीकडे.

बापूसाहेब नोकरावर संतापले. ती माती माझ्याच अंगावर आली आहे. मी जिथे निजेन तिथे ती घर लिंपायला घेईल. जिथे कौशल्या निजेल तिथे.

संध्याकाळीच निघालो.

वैशाख वद्य ११

अकरा फूट बाय आठ.

आज समजले. मी इतक्या उशिरा समजावे! चैत्रातले पान उलटून पाहिले. साडेनऊ बाय सात. खोली आक्रसत नाही, चिरडत नाही. ती मापात येते आहे. पूर्वेच्या भिंतीत छातीच्या उंचीवर खळगा पडू लागला आहे. कोनाडा.

जुने घर होते तसे करायचे. माझेच काम ती करते आहे, आणि माझ्याहून चोख.

वैशाख वद्य १३

अमरावतीहून गाडीवान निरोप घेऊन आला. कौशल्या, ठकू, गोपाळकृष्ण सुखरूप पोचले. परवा इकडे निघतील.

त्याच गाडीवानाबरोबर उलट निरोप दिला. येऊ नका. कारण लिहिले नाही, काय लिहू? फक्त येऊ नका, वाईला परत जा, असे चार वेळा लिहिले.

ठकूने खाऊच्या पुडीवर कोळशाने माणूस काढून पाठवला आहे. त्याला दाढी आहे.

वैशाख वद्य १४

बापूसाहेबांचे उत्तर आले. उन्हाचा परिणाम आहे, बायको आली की बरे वाटेल, उद्या माझ्याच छकड्यातून धाडतो.

छकड्याला आडवा जाऊ? मी जिथे जाईन तिथे ती—

खोली साडेनऊ बाय सात. काठीने मोजली, सुतळीने मोजली. कोनाडा पुरा. त्यात काजळीसुद्धा. खिडकी लिंपून बुजली.

तरी थापा थांबल्या नाहीत.

घर झाले. मग काय उरले? माणसे उरली. सहा वर्षांची मुलगी उरली.

वैशाख अमावास्या. सकाळ

अकरा वर्षे. मला चार वर्षांतच कळले होते संध्याकाळी दार वाजले असे भासणे म्हणजे काय. त्या बाईला कोणीतरी घरी यायला हवे आहे, इतकेच. कोणी आले की कारागीर हात धुतो.

मी जाईन. दार लावून घेईन. दार उरले नाही तर ठकू येणार कुठून?

जयवंताला फाटकाशी बोलावून सांगितले. छकडे पाटलांच्या दाराशीच अडवायचे. वामनराव कामाला अकोल्यास गेले म्हणायचे. मुलीचा हात सोडायचा नाही. ती रडू लागली. म्हणाली, "काहून असं करून रायले, भाऊ?" तिने मला कधी भाऊ म्हटले नव्हते. तिच्याकडून दिवा, तेल आणि घागर मागून घेतली. त्या दिवशीचीच घागर.

दुपार. आत

दिवा कोनाड्यात लावला. घागर भरून ठेवली. दार ओढले. फटीवर ओल चढू लागली, चौकट झाकली गेली. मी थांबवले नाही.

भिंतीला पाठ लावून बसलो आहे. गार आहे. मोठ्याने म्हणालो, आलो.

थाप थांबली.

अगदी शांत. इतके दिवस मी एकटा होतो, आता नाही. भीती वाटायला हवी—वाटते—पण शांतही वाटते. दिव्याची ज्योत हलत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी श्वास. वास ओल्या मातीचा, आणि कोटाचा माझ्या.

घुंगरे. छकडे आले. पाटलांच्या दाराशी थांबले. जयवंताचा आवाज. छान. धर तिला, धर—

कौशल्या विचारते आहे. चार वर्षांनी आवाज. ओ द्यायची नाही. तोंडात धोतराचा बोळा—

"ए पोट्टी, थांब! थांब वो माय!"

पळत येते आहे. पैंजण. अंगणात.

बाहेरून, भिंतीला लागून. म्हणते, बाबा इथे आहेत. आई, भिंत ओली आहे, बघ. आई, हात जातो—

नाही. नको. ठकू, नको

पूर्वेच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर. आत. पाच बोटे. माती गळते आहे त्यांवरून. लहान

बाहेर ढकलतो आहे. जोर लावून. जाईल, जाईल बाहेर

थंड आहे. बाहेर तर ऊन—

ठकूचा की त्या दुसरीचा—

माझे बोट मुठीत धरले. उकलत नाही. डाव्या हाताने लिहितो. उकल, बाळ, सोड, उकल, मी